समाजशास्त्राच्या खोलीला कुलूप लावू नका: चर्चच्या कॉलेजांच्या मॅनेजमेंटला खुलं पत्र

आदरणीय बिशप साहेब, पाळक साहेब, फादर, सिस्टर, प्राचार्य आणि मॅनेजमेंटचे सगळे सभासद,

जय ख्रिस्त आणि नमस्कार.

मी तुमच्याच एका कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला कुणाची बदनामी करायची नाही, शिवाय गेल्या दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या ज्या मैत्रिणी अशाच चर्चच्या कॉलेजात शिकल्या किंवा आता तासिकेवर शिकवतात त्यांच्याशी बोलले तर जवळपास सगळ्यांनी हेच सांगितलं, म्हणून हे पत्र एका कॉलेजला नाही, तुम्हा सगळ्यांना आहे.

जूनमध्ये मामेबहिणीच्या मुलीचं ॲडमिशन करायला कॉलेजात गेले होते. बारावीला आर्ट्स, चांगले मार्क, आणि तिला समाजशास्त्रच घ्यायचं होतं, मीच तिला सांगून सांगून तयार केलेलं. खिडकीवरच्या क्लार्क ताई म्हणाल्या, मॅडम सोशिऑलॉजी मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून, आता नाही, हवं तर मायनर घ्या नाहीतर ओपन इलेक्टिव्हमध्ये दोन क्रेडिट होतील. तत्त्वज्ञान तर कधीच गेलं, मराठी आणि इतिहासाला एकेक तासिकेवरच्या मॅडम आहेत, पॉलिटिकल सायन्सचे सर पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि ती जागा भरणार की नाही कुणालाच माहीत नाही. मी वर दुसऱ्या मजल्यावर जाऊन आले. आमच्या डिपार्टमेंटच्या खोलीला कुलूप होतं, दारावर बीबीएच्या कॉम्प्युटर लॅबचा कागद चिकटवलेला, आणि खिडकीतून बघितलं तर सरांचं लोखंडी कपाट अजून आत तसंच उभं होतं.

त्या कपाटाचं शेवटी सांगते. आधी मी कोण ते सांगते, म्हणजे हे पत्र मी का लिहितेय ते कळेल.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील साखर कारखान्यात सीझनल होते, आई शेतात. डीएडला नंबर लागला नाही म्हणून २००३ ला बीएला आले, आणि तेव्हाही गावात असंच म्हणायचे की ज्याला कुठं काही मिळत नाही त्यानं बीए करायचं. पहिलं वर्ष मी खाली मान घालूनच काढलं. एसवायला समाजशास्त्राच्या सरांनी आम्हाला ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे सीझनपुरत्या झोपड्यांवर, नेलं, सर्व्हे करायला. माझं गाव कारखान्याच्या पट्ट्यातलं, कोप्या मी लहानपणापासून बघत आलेले, मला वाटलं यात काय नवीन. सरांनी सांगितलं मजूर जमवून आणणाऱ्या मुकादमाची वही बघून या. वहीत लिहिलेलं होतं अमुक कोयते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली नवऱ्याच्या नावावर, सही किंवा अंगठा नवऱ्याचा. सर म्हणाले आता मला सांगा या वहीत बायका किती आहेत. एकही नव्हती. काम निम्मं त्यांचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणार त्या, पहाटे उठून भाकऱ्या थापणार त्या, आणि वहीत एकीचंही नाव नाही. मी अठरा-एकोणीस वर्षं ते सगळं डोळ्यांनी बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. ते मला समाजशास्त्राच्या डिपार्टमेंटनं दाखवलं, दुसऱ्या कुणी दाखवलं नसतं.

आज मी पंचायत समितीत काम करते. घरकुलाच्या याद्या, सर्व्हे, पडताळणी हे सगळं हातात असतं. घरात माणसं किती असं विचारलं की लोक मुंबईला असलेला मुलगाही मोजतात आणि वेगळी राहणारी म्हातारी विसरतात. सरांनी शिकवलेलं की चुली किती ते आधी विचारा, कारण जनगणनेतसुद्धा कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. मी आजही दारात उभी राहून पहिला प्रश्न तोच विचारते आणि कितीतरी एकट्या बायकांची नावं त्या एका प्रश्नामुळे यादीत आलीत, हे मी स्वतःच्या कामाबद्दल सांगतेय, ऐकीव नाही.

आणि मराठीच्या मॅडम. आपल्या लायब्ररीत मागच्या बाजूला ज्ञानोदयचे जुने बांधीव अंक होते, अजून असतील अशी आशा आहे. ज्ञानोदय १८४२ ला नगरला सुरू झालं, मिशनचं पत्र, आणि त्यात १८५५ साली मुक्ता साळवेचा निबंध छापून आला, फुल्यांच्या शाळेतली चौदा-एक वर्षांची मांग समाजातली मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणारी. मॅडमनी तो निबंध वर्गात पूर्ण वाचून दाखवला होता, परीक्षेला नव्हता तरी. आमच्यात मातंग वस्तीतून येणारी एक मैत्रीण होती, तिनं तास संपल्यावर तो मजकूर मागून घेतला आणि बसून हातानं वहीत उतरवून काढला, खाली झेरॉक्सचं दुकान होतं तरी. तिला मी तीन वर्षांत कधी वर्गात बोलताना ऐकलं नव्हतं, त्यानंतर ती बोलायला लागली.

हे मी गहिवरून लिहित नाहीये. या खोल्यांमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितेय, कारण तुमच्या मीटिंगमध्ये समोर फक्त स्ट्रेंथचा, म्हणजे मुलं किती त्याचा, कागद येत असणार.

आता तुमच्याच इतिहासाबद्दल थोडं बोलते, आणि हे मला शिकवलंही तुमच्याच कॉलेजनं. मी ख्रिस्ती नाही. मिशनरी इथं कशासाठी आले ते मला माहीत आहे आणि ते लपवायचंही कारण नाही, ते धर्म सांगायला आले. पण सांगायचं तर भाषा पाहिजे, माणसं कळली पाहिजेत, म्हणून त्यांना आधी ऐकायला बसावं लागलं, आणि त्या ऐकण्यातून जे उभं राहिलं ते मराठी समाजाला आजपर्यंत पुरलंय. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, गोव्यात येऊन मराठीत ओव्या लिहायला बसले आणि १६१६ ला ख्रिस्तपुराण छापलं. जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत उतरले, कोकणात हर्णै-बाणकोटकडे राहून मराठी शिकले, १८३२ ला शाळा काढली तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. त्यांच्याशी मोरभट दांडेकरांसारखे शास्त्री उघड वाद घालत होते आणि दोन्ही बाजूंचं लिखाण छापून येत होतं. हेच विल्सन गिरनारला जाऊन आले आणि तिथल्या अशोकाच्या लेखाच्या प्रती ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपपर्यंत पोचवण्यात त्यांचा हात होता. पुढे त्याच विल्सन कॉलेजात पांडुरंग वामन काणे शिकले, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, १९६३ चे भारतरत्न. चर्चच्या कॉलेजनं हिंदू धर्मशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक शिकवून बाहेर पाठवला याचा तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे, मला तरी वाटतो.

नागपूरचे स्टीफन हिस्लॉप मला सगळ्यात जवळचे वाटतात. १८४५ पासून तिकडे, दगड आणि जीवाश्म गोळा करायचे, पण त्याबरोबर गोंड लोकांची गाणी, त्यांच्या लिंगो या पुराणपुरुषाची कथा, शब्दांच्या याद्या लिहून घ्यायचे. १८६३ ला ओढा ओलांडताना बुडून गेले. कागद तसेच राहिले, ते इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनी १८६६ ला छापून काढले. मग १८८३ पासून त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे. आता विचार करा, ते ऐकणारा माणूस परका, भाषा परकी, लिपी रोमन, त्यात किती शब्द चुकीचे पडले असतील. आज गडचिरोली किंवा चंद्रपूरचा एखादा गोंड मुलगा कॉलेजात येतो, त्याची आजी ती गाणी अजून म्हणते, तो ते पुस्तक उघडून म्हणू शकतो की हा शब्द असा नाही, इथं यांना ऐकू आलंच नाही. हे काम दीडशे वर्षांनी फक्त तोच करू शकतो. पण त्याच्या हातात ते पुस्तक देणारं आणि तू चुका काढ म्हणून सांगणारं कुणीतरी लागतं, आणि ते माणूस इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या डिपार्टमेंटमध्येच असतं. मुळातून लिहून घेतलेलं तुमच्याकडे आहे, दुरुस्त करणारी मुलं तुमच्या दारात येतायत, आणि मधली खोली तुम्ही बंद करताय.

मुंबईच्या झेवियर्सचे फादर हेरास स्पेनमधून १९२२ ला आले. त्यांच्याबद्दल सांगतात की कुठला इतिहास शिकवणार असं विचारल्यावर ते भारताचा म्हणाले, आणि तो तर तुम्हाला येत नाही म्हटल्यावर म्हणाले, शिकेन. खरंच शिकले, १९२६ ला इतिहास संशोधनाची संस्था काढली, पुढच्याच वर्षी विजयनगरच्या आरवीडू घराण्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि विद्यार्थी घडवले. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराएस यांनी कदंब राजघराण्यावर १९३१ ला पुस्तक लिहिलं, गोव्याचा इतिहास वाचणाऱ्याला ते आजही टाळता येत नाही. हेरास १९५५ ला गेले, संस्थेला त्यांचं नाव दिलं. एक कॉलेज, एक फादर, एक डिपार्टमेंट, आणि स्ट्रेंथ किती होती ते आज कुणी विचारत नाही.

अजून एक. भारतात समाजकार्याचं शिक्षण म्हटलं की सगळे टाटा इन्स्टिट्यूटचं नाव घेतात, ते १९३६ ला सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरीच होते, त्याआधी नागपाड्याच्या चाळींमध्ये नेबरहूड हाऊस चालवायचे. घटना समितीत बसलेले फादर जेरोम डिसूझा यांनी १९५१ ला पुण्यात समाजाच्या अभ्यासाची संस्था सुरू केली, तीच पुढे दिल्लीला जाऊन इंडियन सोशल इन्स्टिट्यूट झाली. आणि आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेले, त्यांची बीए समाजशास्त्रातली होती. त्यांचं मराठी वाचताना मला नेहमी वाटायचं की या माणसाला गाव बघायला शिकवलेलं आहे.

म्हणजे हे विषय चर्चच्या कॉलेजात नंतर कुणी आणून ठेवलेले नाहीत. इथल्या लोकांशी तुमचं नातं ज्या दारातून झालं ते हे दार आहे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग नगरला मिशनच्या सिंथिया फरार बाईंकडे घेतलं, जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे आम्हाला प्रत्येक तीन जानेवारीला स्टेजवरून सांगतात, तुमच्याच कॉलेजात सांगतात. मग तोच वारसा शिकवणाऱ्या डिपार्टमेंटला वर्कलोड, म्हणजे पुरेसे तास, नाही म्हणून बंद करायचं हे मला समजत नाही.

मॅनेजमेंटच्या अडचणी मला माहीत आहेत, मी सरकारी ऑफिसात बसते. अनुदानित जागा रिकामी झाली की भरायला एनओसी पाहिजे, जॉइंट डायरेक्टर ऑफिसच्या चकरा, कधी भरतीवर बंदी, कधी वर्कलोड कमी दाखवलं म्हणून पदच जातं, आणि हे तुमच्या हातात नाही हे मान्य. पण स्ट्रेंथ नाही म्हणून विषय बंद करतोय असं जेव्हा तुम्ही म्हणता तेव्हा ती स्ट्रेंथ का गेली हे पण बघा. आमच्या सरांनंतर सात वर्षं त्या जागेवर फुल टाइम कुणी आलं नाही. नेट-सेट पास झालेल्या मॅडम सीएचबीवर, तासावर पैसे, ते पण सहा-सहा महिने थकलेले, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही, दरवर्षी जूनमध्ये पुन्हा इंटरव्ह्यू. त्या मॅडम मुलांना कोप्यांवर कधी नेणार, एका कॉलेजचे तास संपले की एसटी पकडून दुसऱ्या कॉलेजला जातात. मुलं विषय निवडत नाहीत, शिकवणारं माणूस बघून निवडतात, आणि माणूस नाही म्हणून मुलं नाहीत, मुलं नाहीत म्हणून माणूस नाही. हे चक्र पहिल्यांदा कुठल्या टोकाला सुरू झालं ते तुम्हालाही माहीत आहे.

पालक नोकरीचं विचारतात, तेही बरोबर आहे, माझे वडील पण हेच विचारत होते. त्यांना सांगा ना की राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता लेखी आणि वर्णनात्मक झाली आहे आणि समाजशास्त्र, इतिहास, मराठी साहित्य हे वैकल्पिक विषय त्यात आहेत. पोरं त्यासाठी पुण्याला सदाशिव पेठेत कॉट भाड्यानं घेऊन राहतात, घरचं रान विकून राहतात, आणि तेच विषय शिकवणारं कॉलेज गावात असून त्या खोल्यांना कुलूप आहे. कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बीबीए आणि डेटा सायन्स पहिल्या पानावर रंगीत फोटोसकट, आणि बीए शेवटून दुसऱ्या पानावर चार ओळींत. मी बीबीएच्या विरोधात नाही, माझा भाचा तेच करतोय. पण सेल्फ-फायनान्स कोर्सच्या फीमधून नवीन गेट होतं, ऑडिटोरियमला एसी लागतो, तर त्यातून समाजशास्त्राला आणि मराठीला एकेक पूर्ण पगाराचं माणूस ठेवता येणार नाही असं नाही.

आणि नव्या शैक्षणिक धोरणाचं कारण तर देऊच नका. त्याच धोरणात भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर आहे, मूल्यशिक्षणाचे क्रेडिट आहेत, फील्ड प्रोजेक्ट आहे, भाषेचे क्रेडिट आहेत. हे सगळं शिकवणार कोण? तत्त्वज्ञान, इतिहास, मराठी, समाजशास्त्र यांच्याशिवाय हे पेपर कुणाकडे जातात तर ज्यांचा वर्कलोड कमी पडतो त्यांच्याकडे. मला एका मैत्रिणीनं सांगितलं की तिच्याकडे अकाउंट्सचे सर भारतीय ज्ञानप्रणाली शिकवतात, पीडीएफ वाचून दाखवतात, बिचाऱ्यांचा काय दोष. फील्ड प्रोजेक्ट म्हणजे मुलं नेटवरून उतरवून, स्पायरल बाइंडिंग करून देतात, गावात कुणी जात नाही.

तुम्हाला राज्यघटनेनं एक ताकद दिलेली आहे जी बाकीच्या कॉलेजांना नाही. कलम ३०, अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क. १९७४ ला अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं हा हक्क उचलून धरला, म्हणजे आज तुमच्या हातात जे स्वातंत्र्य आहे ते एका चर्चच्या कॉलेजनंच लढून पक्कं केलेलं आहे. आणि त्याच्या आधी १९५८ ला केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना कोर्टानं हेही सांगितलं होतं की कारभार करायच्या हक्कात कारभार बिघडवायचा हक्क येत नाही. हा हक्क तुम्ही ॲडमिशनच्या कोट्यासाठी वापरता, नेमणुकांसाठी वापरता. कधीतरी हे म्हणायला पण वापरा की आमच्या कॉलेजात समाजशास्त्राला आठ मुलं असली तरी ते चालेल, कारण आमच्या पसंतीची संस्था अशीच आहे. हे म्हणायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

आता थोडं अवघड बोलते, आणि राग येऊ देऊ नका.

आमच्या जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती लोक कुठून आले हे सगळ्यांना माहीत आहे, महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण त्यातलीच, आजोबा बायबल वाचक होते, मोठं सुंदर अक्षर, वडील बिगारी काम करायचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगानं हा दर्जा धर्मावर ठेवू नका अशी शिफारस केली. २०२२ ला याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. आणि दर वेळी प्रश्न एकच येतो, आकडे कुठे आहेत, धर्म बदलल्यावर अस्पृश्यता गेली की राहिली याचा पुरावा काय, शिक्षण किती, जमीन किती, पाणवठा कुठला. मला सांगा हे आकडे कुणाकडे असायला हवे होते? ज्यांच्याकडे दीडशे-पावणेदोनशे वर्षांची बाप्तिस्म्याची रजिस्टरं आहेत, प्रत्येक गावात मंडळी, म्हणजे चर्चचा समूह, आहे, आणि त्याच्या जोडीला समाजशास्त्राचं डिपार्टमेंट होतं, त्यांच्याकडेच ना? दरवर्षी टीवायच्या मुलांनी दहा दहा गावं केली असती तर आज त्या आयोगापुढे ठेवायला महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचं तरी पूर्ण चित्र तयार असतं.

ते का झालं नाही हेही मला माहीत आहे. माझ्या मैत्रिणीनं टीवायच्या प्रोजेक्टला हाच विषय घेतला होता, चर्चमधली जात, लग्न जमवताना अजून मूळ गाव आणि मूळ जात कशी विचारतात ते. सरांना ऑफिसात बोलावून सांगितलं गेलं की हा विषय नको, बाहेर चुकीचा मेसेज जाईल. सरांनी विषय बदलून दिला, तिनं महिला बचत गटांवर प्रोजेक्ट केलं, चांगले मार्क पडले. पण ती त्या दिवशी जिन्यात मला म्हणाली की आमच्याबद्दल आम्हालाच विचारायला बंदी आहे. तिला मी काही उत्तर देऊ शकले नाही, अजून देऊ शकत नाही. मला वाटतं की हे विषय आतून नको वाटायला तेव्हाच सुरुवात झाली होती, स्ट्रेंथ वगैरे नंतर आलं. जे लोक दुसऱ्यांच्या धर्मावर, जातीवर दीडशे वर्षं लिहीत आले त्यांच्या कॉलेजात स्वतःच्या घराकडे बघायचं धाडस असायला हवं होतं. अजूनही वेळ गेलेली नाही, आणि बाहेर वातावरण कसं आहे, चर्चबद्दल कोण काय काय बोलतं, तुम्हाला किती जपून राहावं लागतं हे मला दिसत नाही असं नाही. पण भीती वाटते म्हणून जर स्वतःची माहिती स्वतःच गोळा करायची नाही असं ठरवलं तर उद्या तुमच्याबद्दल दुसरेच लिहितील आणि तुमच्याकडे खोडून काढायला कागद नसेल.

माझं मागणं मोठं नाही. समाजशास्त्र, इतिहास, मराठी आणि राज्यशास्त्र यांचं मेजर पुढची किमान पाच वर्षं बंद करणार नाही असं लेखी ठरवा, आणि ते नोटीस बोर्डवर लावा म्हणजे पालकांना भरवसा येईल. मंजूर जागा भरेपर्यंत संस्थेच्या पैशातून प्रत्येक विषयाला एक माणूस पूर्ण वेळ, बारा महिन्यांच्या पगारावर ठेवा. तासिकेवरच्या मॅडमचे थकलेले पैसे आधी द्या, हे तर कुठल्याही मीटिंगशिवाय होण्यासारखं आहे. तत्त्वज्ञान परत आणता आलं तर फारच चांगलं, पण मी तेवढं मागायचं धाडस करत नाही. लायब्ररीतले ज्ञानोदय, मंडळ्यांची जुनी रजिस्टरं, मिशनचे रिपोर्ट, हे वाळवीनं खायच्या आधी मुलांच्या हातून स्कॅन करून घ्या, याच फील्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटमध्ये ते बसतं, आणि मोडी वाचणारी दोन-तीन माणसं मी आणून देते. प्रोजेक्टचा विषय काय घ्यायचा ते मुलाला आणि शिक्षकाला ठरवू द्या.

आम्ही जुने विद्यार्थी फुकट येऊ. कुणी तलाठी आहे, कुणी वकील, एक जण पेपरात आहे, एक जण पीएसआय, माझी ती मैत्रीण आता एका संस्थेत ऊसतोड बायकांच्या आरोग्यावर काम करते. शनिवारी सुट्टी असते, मुलांना घेऊन फिरायला, प्रश्नावली कशी करायची ते दाखवायला आम्ही यायला तयार आहोत, फक्त आम्हाला कुणीतरी बोलवायला पाहिजे आणि बोलवायला त्या डिपार्टमेंटमध्ये माणूस पाहिजे. भेटायला वेळ दिलात तर पाच-सहा जण येऊ. रविवारी तुमची उपासना असते, बाकी कुठलाही दिवस चालेल.

आणि ते कपाट. सरांच्या त्या लोखंडी कपाटात आमच्या बॅचचे सर्व्हेचे फॉर्म आहेत, २००४-०५ च्या सीझनचे, तीनशेच्या वर, प्रत्येकावर कोपीचा नंबर, मूळ गाव, उचल किती, आणि सरांनी मुद्दाम घालायला लावलेला एक रकाना, बाईचं नाव. खालच्या कप्प्यात आहेत, सुतळीनं बांधलेले, गठ्ठ्यांवर माझ्या अक्षरात गावांची नावं आहेत. लॅबसाठी खोली रिकामी करताना ते रद्दीत देऊ नका. या ऑक्टोबरला गाळप सुरू झालं की कोप्या परत पडतील, आणि वीस वर्षांत त्या रकान्यात काय बदललं हे बघायचं असेल तर जुने फॉर्म तेवढेच आहेत. चावी मिळाली तर मी स्वतः येऊन काढून देईन.

आपली विश्वासू,
टीवायबीए समाजशास्त्र, २००६ च्या बॅचची एक विद्यार्थिनी